अंगण शोधताना

आमचं कॅनडातलं पहिलं घर म्हणजे स्कारबरोमधलं एक बेसमेंट. छताजवळच्या खिडकीतून दिसायचे ते येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट आणि बर्फ. नवरा इंजिनिअर, पण इथे रात्रपाळीला गोदामात खोकी उचलायचा. तो दिवसा झोपे, म्हणून दीड वर्षाच्या लेकाला मी सारखी 'शूऽ, बाबा झोपलेत' म्हणून गप्प करायचे. पुण्याला फोटो जायचे ते बर्फातल्या लाल जॅकेटचे. ते जॅकेट चर्चमध्ये फुकट मिळालेलं होतं, हे आईला हा अंक वाचूनच कळेल.

लेक दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. वाचनालयात भेटलेल्या एका बाईंनी जवळच्या 'अर्लीऑन' केंद्राचा पत्ता दिला. तिथे फीचे पैसे विचारायचे म्हणून मी पर्स घट्ट धरून उभी होते. पण फी नव्हती, पगाराचा कागद कुणी मागितला नाही. ऑन्टॅरिओ सरकारने २०१८ मध्ये आधीच्या निरनिराळ्या योजना एकत्र करून ही केंद्रं उभी केली. जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती मोफत असतात. मात्र मूल सोडून जायचं नाही. आई, बाबा किंवा आजीआजोबांनी सोबत बसायचं.

सुरुवातीला मला ही अट जाचक वाटली. नंतर कळलं, खरी गंमत त्यातच आहे. लेक वाळूत खेळायचा आणि मी कित्येक महिन्यांनी मोठ्या माणसांशी बोलायचे. तिथल्या ताईंनी मला सांगितलं, "घरी मराठीतच बोला, भरपूर बोला." बोलण्याच्या तपासणीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, आईवडील स्वतः फोन करू शकतात, हेही तिथेच समजलं. काही महिन्यांनी लेक पहिल्यांदा ओरडला, "आई, बल्फ!" त्या दिवशी बाबांची झोपमोड झाली आणि कुणीच रागावलं नाही.

हे सगळं बघताना मला ताराबाई मोडक आठवत. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. गरिबाघरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांचं हातपाय धुणं, खाणं, गाणी, सगळं तिथेच. पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी हेच काम केलं. १९७५ पासून देशभर पसरलेल्या 'अंगणवाडी'चं मूळ त्या अंगणात आहे. मुलाला शिकवायचं तर त्याच्या घरापर्यंत जायला हवं, हे त्यांनी ओळखलं होतं.

आपल्या मंडळात हे घरापर्यंत जाणं कमी पडतं. गणपतीला तिकीट काढून येणारी कुटुंबं आपल्याला दिसतात. तिकीट परवडत नाही म्हणून न येणारी दिसत नाहीत. 'आम्ही गरीब आहोत' असं आपल्यात कुणी म्हणत नाही. 'सध्या जरा सेटल होतोय' म्हणतात. मीही तेच म्हणायचे. पण तोवर मुलाची पहिली दोन-तीन वर्षं निघून जातात, ती परत मिळत नाहीत.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर केंद्राचा पत्ता नुसता पाठवू नका. पहिल्या दिवशी सोबत जा. बसचं भाडं, बाबागाडी, थंडीत घराबाहेर पडायची भीती, यातच पाऊल अडतं. भारतातल्या आजीआजोबांनो, फोटोतल्या जॅकेटवर जाऊ नका. सून दिवसभर कुणाशी बोलते, एवढं विचारा.

मी दर मंगळवारी सकाळी केंद्रावर मदतीला जाते. गाडीत दोन जागा आणि लहान मुलाची सीट रिकामी असते. माझा नंबर मंडळाच्या समितीकडे आहे.