शेवटच्या रांगेतला कोरिओग्राफर

ज्यांना आत्ता इअरफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना घसरलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी सगळं तसंच.

स्पीलबर्गची २०२१ची 'वेस्ट साइड स्टोरी' पाहिलीय? त्यातले नाच जस्टिन पेकने बसवलेत. हा पेक मूळचा न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या 'कोअर द बॅले'मधला. म्हणजे समूहातला. मुख्य जोडी पुढे नाचत असते, तेव्हा मागे रांगेत सगळ्यांसारखाच हात, सगळ्यांसारखाच पाय करणाऱ्यांपैकी एक. त्या रांगेत असतानाच, २०१२ मध्ये, त्याने आपल्याच कंपनीसाठी 'इअर ऑफ द रॅबिट' नावाचं बॅले बसवलं. २०१४ मध्ये तो कंपनीचा रेसिडेंट कोरिओग्राफर झाला, आणि तरीही २०१९ पर्यंत तिथेच नाचत राहिला.

आता प्रश्न असा, की रांगेतल्या पोराच्या हातात कुणी एवढं मोठं काम दिलंच कसं?

आधी हे काम अवघड का आहे ते बघू. बॅलेचं शिक्षण साधारण आठ-दहाव्या वर्षी सुरू होतं, आणि पुढची कित्येक वर्षं एकच गोष्ट शिकवली जाते: सांगितलंय ते अचूक कर. समोर आरसा, बाजूला शिक्षक. पाय किती वर न्यायचा हे तुम्ही ठरवत नाही. नाच बसवायला उभं राहिलात, की नेमकं उलटं होतं. खोलीत दहा जण तुमच्याकडे बघत असतात आणि पुढचं पाऊल कुणालाच माहीत नसतं. ते तुम्हीच ठरवायचं.

वर हे दहा जण तुमचे सहकारी. कॉलेजात एकांकिका बसवलेल्यांना हे लगेच कळेल. काल ज्याच्याबरोबर चहा प्यायलात, त्यालाच आज "पुन्हा कर, जमलं नाही" म्हणायचं. त्यात तो कंपनीतला मोठा नर्तक असेल आणि तुम्ही शेवटच्या रांगेतले, तर आवाज आपोआप खाली येतो. आणखी एक गंमत म्हणजे तुमच्या अंगाला सहज जमणारी हालचाल समोरच्याच्या अंगावर बसेलच असं नाही. हे स्टुडिओत, समोर माणसं उभी असल्याशिवाय कळत नाही. घरी वहीत लिहून कोरिओग्राफी शिकता येत नाही ती यामुळेच.

म्हणजे शिकायला तीन गोष्टी लागतात: रिकामा स्टुडिओ, नाचायला तयार असलेली माणसं आणि वेळ. तिन्ही महाग, आणि तिन्ही कंपनीच्याच ताब्यात.

ही सोय मनापासून केली गेली ती जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला जॉन क्रँको तिथल्या बॅलेचा प्रमुख झाला. गावात नोव्हेर सोसायटी नावाची बॅलेप्रेमींची संस्था होती. अठराव्या शतकात स्टुटगार्टमध्येच काम केलेल्या एका मोठ्या बॅलेगुरूचं नाव तिला दिलं होतं. ही संस्था तरुण कोरिओग्राफर्सच्या संध्याकाळी भरवायची, आणि क्रँको आपल्या नर्तकांना तिथे उतरायला प्रोत्साहन द्यायचा. छोट्या रचना, नेपथ्य जवळपास नाही, नाचायला आपलेच मित्र. फसलं तर फसलं, उद्या सकाळी पुन्हा क्लासला हजर.

आता तिथे धडपडलेल्यांची नावं बघा. जॉन नॉयमायर: १९७३ पासून पन्नास वर्षांहून जास्त काळ त्याने हॅम्बुर्ग बॅले सांभाळलं. यिरी किलियान: १९७५ मध्ये नेदरलँड्स डान्स थिएटरची धुरा घ्यायला गेला. विल्यम फोर्साइथ: १९८४ पासून फ्रँकफर्टला बॅलेची भाषाच मोडून नव्याने जोडत बसला. तिघंही स्टुटगार्टचे नर्तक. क्रँको १९७३ मध्ये, अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतताना विमानात गेला, अवघ्या ४५व्या वर्षी. फोर्साइथची तिथली पहिली रचना १९७६ची, म्हणजे क्रँको गेल्यावरची. माणूस गेला तरी त्याने लावलेली सवय चालू राहिली होती.

पेकच्या कंपनीशी जोडलेली न्यूयॉर्क कोरिओग्राफिक इन्स्टिट्यूट २००० पासून हेच करते. स्टुडिओ, नर्तक आणि वेळ देते, आणि शेवटी तयार बॅले दाखवलंच पाहिजे अशी सक्ती करत नाही. मी कोड लिहितो, त्यामुळे मला हे चटकन पटलं. आम्हाला टेस्ट सर्व्हर मिळतो. तिथे काहीही मोडलं तरी ग्राहकाला दिसत नाही. तो नसता, तर नवीन काही करून बघायची आमची छाती झाली नसती.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. संधी सगळ्यांना असली, तरी मोकळा वेळ सगळ्यांना सारखा नसतो. 'स्वान लेक'मध्ये दोन डझनांच्या आसपास हंस लागतात, आणि त्या जवळपास नेहमी मुलीच असतात. म्हणजे समूहातल्या मुलींच्या तालमी जास्त, खेळ जास्त, थकवा जास्त. "ज्याला हवं त्याने तालमीनंतर येऊन बसवा" ही पाटी ऐकायला बरोबरीची वाटते, पण तालमीनंतर कुणाच्या पायात जीव उरलाय तेही बघायला नको का? बॅलेच्या मोठ्या कोरिओग्राफर्समध्ये बायकांची नावं कमी दिसतात, त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे. त्यामुळे नुसतं दार उघडून भागत नाही, वेळापत्रकात तेवढे तास राखून ठेवावे लागतात.

आणि हे तास चैनीचे नाहीत. बॅले नर्तकाचं शरीर साधारण चाळिशीच्या आत-बाहेर थांबायला सांगतं. त्या आधी आपल्याला नाच बसवता येतो की नाही हे कळलं, तर पुढची वाट तरी दिसते. नाही आलं, तरी तेही वेळेवर कळलेलं बरं.

तर पुढच्या वेळी यूट्यूबवर एखादं बॅले बघाल, तेव्हा मागची रांगही बघा. त्यातलं कुणीतरी मनात स्वतःचा नाच मोजत असेल. त्याला, किंवा तिला, रिकामी खोली मिळते का, एवढाच प्रश्न असतो.

भेटू पुढच्या भागात!