पदराची गाठ का सुटत नाही?

नेरूळची एखादी आजी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघते. पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर! वाटेत दिवे घाट, पाऊस, गर्दी. परतीचे पैसे हरवले तर परक्या गावी कोणापुढे हात पसरायचा? म्हणून ती ते पदराच्या टोकाला बांधून कनवटीला लावते.

यामागे घर्षण आहे. पेन्सिलीभोवती दोऱ्याचे वेढे द्या. एका टोकाला वजन बांधा, दुसरे टोक बोटांनी धरा. घर्षणांक ०.३ असेल, तर एक वेढा बोटांच्या ताणाच्या सुमारे ६.६ पट ओढ थोपवतो. दोन वेढे सुमारे ४३ पट! गाठीतही वेढे एकमेकांना असेच आवळतात. सुती धागा भिजला की फुगतो आणि गाठ अधिकच घट्ट बसते. नायलॉन मात्र गुळगुळीत. त्याची गाठ सैल पडते. तेथे सेफ्टी पिन लावावी. वॉल्टर हंट यांनी १८४९ साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. तिची तार स्थितिस्थापकतेमुळे टोक टोपणात दाबून ठेवते.

पण चोराच्या पात्यापुढे गाठ काय करणार? म्हणून पैसे दोन ठिकाणी बांधावेत. एक गाठ गेली, तरी दुसरी घरी आणील.