फिशटँकमधला मासा आजारी पडतो तेव्हा



सहावीच्या वर्गात आम्ही एक फिशटँक ठेवला होता. त्यात चार गोल्डफिश. टँक हिरवट दिसतोय म्हणून एका शनिवारी मी आणि मुलांनी तो अगदी लख्ख केला. सगळे पाणी उपसले, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला आणि नळाचेच ताजे पाणी भरले. सोमवारी सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते. "बाई, त्यांना कोणता रोग झाला?" मुलांनी विचारले. रोग कोणताच नव्हता. स्वच्छतेच्या हौसेपायी आम्हीच त्यांना मारले होते. हे खरे उत्तर मुलांना सांगायला मी दोन दिवस घेतले, आणि त्या दोन दिवसांत बरेच वाचले. तेच इथे मांडते आहे.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. स्पंजवर आणि खड्यांवर राहणारे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने बरेच निरुपद्रवी. नव्या टँकमध्ये या जीवाणूंची वसाहत बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. आम्ही ती एका दुपारी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन टाकली होती! स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. पाणीही दर आठवड्याला पावभागच बदलावे. नवे पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवले की क्लोरीन उडून जातो. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतो, तो मात्र असा जात नाही. त्यासाठी माशांच्या दुकानात अँटिक्लोरीनचे थेंब मिळतात. (वाढदिवसाला भेट म्हणून मिळणाऱ्या गोल काचेच्या भांड्यात हे काहीच नीट जमत नाही. त्यातला मासा फार दिवस टिकत नाही, याचे नवल वाटायला नको.)

आता ओळखायचे कसे? माझा ठोकताळा असा : सगळे मासे एकदम वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, तर आधी पाण्यावर संशय घ्या. पावभाग पाणी बदला, एअर पंप वाढवा, खाणे बंद करा. एखादाच मासा कोपऱ्यात बसला असेल, पर मिटून घेत असेल, खायला येत नसेल, तर त्याच्या अंगाकडे नीट बघा. खाणे घालायची वेळ या निरीक्षणाला उत्तम.

अंगावर मिठाचे कण भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, मासा खड्यांवर अंग घासत असला, तर तो 'व्हाइट स्पॉट'. घरच्या टँकमध्ये हा आजार नेहमीचा. एक सूक्ष्म परजीवी माशाच्या कातडीखाली बसून पोसला जातो. तिथे त्याला औषध लागत नाही. पोट भरले की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागून शेकडो पिल्ले तयार होतात. ती पोहत बाहेर पडून नवा मासा शोधतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेत. म्हणून होते काय, चौथ्या दिवशी ठिपके गेले की आपण उपचार थांबवतो आणि आठवड्याभरात ते दुपटीने परततात. ठिपके गेल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवावेत.

गोल्डफिशला सुरुवातीचा साधा उपचार मिठाचा. एका लिटरला 2 ग्रॅम खडे मीठ, वेगळ्या पाण्यात विरघळवून, दिवसभरात थोडे थोडे करून घालायचे. इथे घनफळाचा पाठ कामी येतो. आमचा टँक 45 × 30 × 30 सेंमी, म्हणजे सुमारे 40 लिटर. खडे आणि वरची रिकामी जागा वजा जाता 35. मुलांनीच 70 ग्रॅमचे उत्तर काढले. (आणि चार गोल्डफिशना हा टँक मुळातच लहान, हेही त्यांच्याच लक्षात आले.) मीठ वाफेबरोबर उडत नाही, त्यामुळे आटलेले पाणी भरताना पुन्हा मीठ घालू नये. पाणवनस्पती आणि काही कॅटफिशना मीठ सोसत नाही. दुकानातले औषध वापरायचे तर फिल्टरमधला कोळसा आधी काढा, नाहीतर तो औषधच शोषून घेतो. अशा काही औषधांत मॅलाकाइट ग्रीन असते. बाटली मुलांच्या हाती देऊ नका.

परांच्या कडा पांढुरक्या होऊन झिजत असतील तर ती परकूज. बहुतेकदा मूळ खराब पाण्यातच असते. जखमेवर कापसासारखे पुंजके म्हणजे बुरशी. गोल्डफिश पोट वर करून तरंगतोय, पण डोळे तरतरीत आहेत? बहुधा खाणे जास्त झाले. दोन-तीन दिवस उपास घडवा, मग उकडून साल काढलेला मटार द्या. मात्र पोट फुगून खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिले, तर मासा क्वचितच वाचतो. मुलांना तसे सरळ सांगावे.

घरातली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टँकमध्ये टाकण्याचा प्रकार मी पाहिला आहे. कृपा करून तसे करू नका. ती फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही मारू शकते. आणि हाताला जखम असेल तर हात पाण्यात घालू नका. माशांच्या क्षयासारख्या रोगाचे जंतू त्यातून आपल्या कातडीत शिरू शकतात.

नवा मासा आणला की त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा. आजारी मासा पाहून मुले हळवी होतात, "बाई, नदीत सोडू या का?" म्हणतात. आमच्या वर्गातही म्हणाली. नदीत सोडलेला मासा आपला आजार तिथल्या माशांना देऊ शकतो, हे सांगितल्यावर एकाने विचारले, "मग तो मेल्यावर?" मेलेला मासा आम्ही शाळेच्या बागेत जास्वंदीखाली खोल पुरतो.