पुट्टीखाली काय चाललंय? आजीच्या खोलीची भिंत आणि लोणा

आजच्या भागात मागे अधूनमधून खर्रर खर्रर असा आवाज येईल. माईक बिघडलेला नाही. मी दिंद्रुडला, आमच्या जुन्या घरात, आजीच्या खोलीत बसलोय आणि चुलतभाऊ शेजारच्या भिंतीवर ब्रश मारतोय. तो थांबणार नाही, कारण त्याला संध्याकाळी माजलगावला जायचंय.

विषय आहे घरातल्या भिंतींची दुरुस्ती. म्हणजे पापुद्रे, ओल, भेगा, पुट्टी, रंग. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दिवाळीआधी यूट्यूब बघून हे केलं असेल. मीही केलं. गेल्याच्या गेल्या दिवाळीत या खोलीवर २२,००० रुपये घातले: वॉटरप्रूफ प्रायमर, दोन हात पुट्टी, त्यावर महागातला इमल्शन. फोटो काढले, स्टेटसला टाकले. पुढच्या ऑगस्टमध्ये आजीच्या अंथरुणावर पुट्टीचा चुरा पडायला लागला. तिला आधीच दम्याचा त्रास, त्यात ही पांढरी धूळ. रात्ररात्र खोकला. आणि मी पुण्यात बसून फोनवर विचारतोय, "कंपनीची वॉरंटी असते का बघा."

आजी तेव्हा काय म्हणाली होती ते आधी सांगतो. मी पुट्टी मारत असताना ती दारात बसून बघत होती. म्हणाली, "भिंतीला घाम फुटायलाय बाळा, अन् तू तिला पावडर लावायलास." मी हसलो होतो.

तर घाम कुठून येतो?

आमची ही भिंत दगड-मातीची आहे, दोन फूट जाडीची. बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि भर. अशी भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते. कंदिलाची वात जशी रॉकेल ओढते, अगदी तसं. माती, वीट, गिलावा या सगळ्यांत केसापेक्षा बारीक छिद्रं असतात आणि त्यातून पाणी गुरुत्वाकर्षणाला न जुमानता चढतं. साधारण तीन-चार फुटांपर्यंत. म्हणून अशा घरात डाग बहुतेक वेळा खालून वर येतात आणि एका उंचीवर थांबतात. डाग वरून खाली येत असेल तर तो छताचा किंवा पाईपचा मामला, वेगळा विषय.

पाणी एकटं येत नाही. ते जमिनीतले आणि भिंतीतले क्षार विरघळवून सोबत आणतं. भिंतीच्या पृष्ठभागाशी आलं की पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. हाच आपला लोणा. पांढरी, कापसासारखी बुरशी वाटते ती बुरशी नाही, मीठ आहे. आता गंमत बघा. पृष्ठभाग मोकळा असेल तर स्फटिक बाहेर, हवेत वाढतात; झाडूनं झाडले की गेले. पण त्यावर पुट्टी आणि प्लास्टिकसारखा रंग चढवला, की पाणी सहज बाहेर पडत नाही आणि स्फटिक रंगाच्या मागे, छिद्रांच्या आत वाढतात. वाढताना ते दाब देतात. पुट्टी सुटते ती या दाबानं. मी २२,००० रुपये खर्चून मिठाला बंद खोली बांधून दिली होती.

आमच्याकडे ही चूक माझ्याआधीही झालेली होती. गावाकडच्या घरांत खालचे तीन फूट ऑइल पेंटचा पट्टा असतो, आठवतोय? हिरवा नाहीतर गडद निळा. पाठ टेकली तरी भिंत खराब होत नाही म्हणून. वडिलांनी तो मारला, त्याच्याखाली सिमेंटचा गिलावा केला. पाण्याला खालून बाहेर पडायला जागाच उरली नाही, मग ते पट्ट्याच्या वर चढलं. ओल कमी झाल्यासारखी दिसली, प्रत्यक्षात एक फूट उंच गेली.

एक सूचना इथेच देऊन टाकतो. जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे ते तुम्हाला माहीत नसतं, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. पृष्ठभाग ओला करून खरवडायचा, एन-९५ मास्क लावायचा, पोरांना आणि आजीला दुसऱ्या घरी पाठवायचं.

आता माझ्या कामाची सवय म्हणा, पण या वेळी आधी कारण शोधायचं ठरवलं. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल घेतला, हातभर चौकोनी तुकडे केले, भिंतीवर चार ठिकाणी चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवले आणि एक दिवस ठेवले. फॉइलच्या बाहेरच्या बाजूला दव आलं तर ओलावा खोलीतल्या हवेत आहे. खिडकी उघडा, पंखा लावा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. आमच्याकडे गल्लीच्या बाजूचे दोन्ही फॉइल मागून ओले, आतल्या भिंतीवरचे कोरडे.

मग बाहेर जाऊन उभा राहिलो आणि स्वतःचीच लाज वाटली. गल्लीत सिमेंटचा रस्ता झालाय. जुना न उखडता त्यावर नवा, असं दोनदा. आमच्या खोलीची फरशी आता रस्त्यापेक्षा वीतभर खाली आहे. वरच्या पत्र्याची पन्हाळ सरळ भिंतीच्या पायाशी ओतते. आणि कोपऱ्यात न्हाणीचं पाणी जातं ती नाली फुटलेली. तीन ठिकाणांहून पाणी येत होतं, आणि मी आत बसून कोणत्या कंपनीची पुट्टी चांगली याचे रिव्ह्यू वाचत होतो.

चौथं कारण आजीनं सांगितलं. ही खोली पूर्वी गोठा होती. याच भिंतीला बैल बांधायचे. जनावरांचं मूत वर्षानुवर्षं जमिनीत आणि भिंतीत मुरलं की त्यातून नायट्रेट तयार होतात. जुन्या काळी शोरा काढायचे तो अशाच मातीतून. नायट्रेटची खोड अशी, की ते हवेतली वाफसुद्धा ओढून घेतात. म्हणजे बाहेरचं पाणी शंभर टक्के बंद केलं, तरी जुलैच्या दमट हवेत ही भिंत थोडी ओलसर दिसणारच. हे कळल्यावर मला उलट बरं वाटलं. निदान काय होणार ते माहीत झालं.

मधल्या काळात एक कंत्राटदार येऊन गेला. म्हणाला, पीव्हीसी पॅनल ठोकू, दोन दिवसांत खोली नवी. ताईला बघायला पाहुणे येणार होते, त्यामुळे घरात सगळ्यांना ते पटलं. माझं आणि वडिलांचं चांगलंच वाजलं त्यावरून. माझा मुद्दा रंगाचा नव्हताच. पॅनलमागे ओल तशीच राहते आणि मातीत बांधलेली भिंत सतत ओली राहिली की मातीची पकड जाते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या मराठवाड्यात अजून कुणी विसरलेलं नाही. किल्लारीच्या भूकंपात माणसं गेली ती बरीचशी अशाच जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या मातीच्या माळवदाखाली. अशा भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतलेले नसतील तर हादऱ्यात दोन्ही पाखं वेगळी होतात. म्हणून भिंत झाकण्याआधी ती दिसली पाहिजे, एवढंच मी म्हणत होतो. शेवटी पाहुणे ढाळजेत बसवायचे ठरलं.

गिलावा काढल्यावर गवंड्यानं ओळंबा सोडला. भिंतीला पोट सुटलेलं नव्हतं. तुमच्याकडे पोट सुटलेलं दिसलं, किंवा भेगेत बोट जात असेल, तर या एपिसोडचा उपयोग नाही. इंजिनियर बोलवा. माझ्यासारखा सॉफ्टवेअरवाला नाही, खरा.

मग केलेलं काम. आधी बाहेर: न्हाणीची नाली बदलली, पन्हाळीला पाईप जोडून पाणी पुढच्या गटारात सोडलं, रस्ता आणि भिंत जिथे मिळतात तिथे उतार देऊन वाटा मारला. यात निम्मा खर्च गेला आणि स्टेटसला टाकण्यासारखं काहीच दिसलं नाही. मग आत: ओलीची रेघ जिथे होती तिच्या वर हातभर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा छिन्नीनं काढला. लोणा कोरड्या ब्रशनं झाडला आणि सुपलीत गोळा करून बाहेर नेऊन टाकला. पाण्यानं धुवायचा मोह होतो, पण धुतलं की मीठ विरघळून परत भिंतीत जातं. आणि मग दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत भिंत तशीच उघडी ठेवली. हा भाग सगळ्यात अवघड. येणारा-जाणारा विचारतो, काम थांबलं का? पैसे संपले का?

आता परत गिलावा कशाचा? सिमेंटचा नाही. चुन्याचा. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरते ती चुनकळी. ती पाण्यात टाकली की फसफसून उकळते आणि विझवलेला चुना तयार होतो. भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. हे होताना तो छिद्रं बंद करत नाही, त्यामुळे ओल बाहेर पडत राहते. शिवाय तो सिमेंटपेक्षा मऊ. भिंत थोडी हलली तर तो सांभाळून घेतो, आणि मिठानं खराब झालाच तर तो होतो, मागची भिंत नाही. खालचे तीन फूट काही वर्षांनी परत करावे लागतील हे धरूनच आम्ही चाललोय.

चुनकळी विझवताना दोन गोष्टी पाळा. पाण्यात चुनकळी टाकायची, चुनकळीवर पाणी नाही. आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण चुन्यानं डोळा कायमचा जाऊ शकतो. हे नको असेल तर पिशवीतली विझवलेल्या चुन्याची पूड मिळते. तेलगावला आम्ही घेतली ती पहिली पिशवी मात्र जुनी निघाली. ओळखायचं कसं? चिमूटभर चुन्यावर लिंबू पिळा. जोरात फेस आला तर चुन्यानं पिशवीतच हवा खाऊन घेतलीय, त्याचा परत दगड झालाय. तो भिंत धरणार नाही. ही परीक्षा मी आजीच्या विड्याच्या डबीतल्या चुन्यावर पण करून बघितली आणि शिव्या खाल्ल्या.

एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू. भिंत आधी पाणी शिंपडून ओली करायची, नाहीतर ती गिलाव्यातलं पाणी पिऊन टाकते. एका थराला बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडी. पहिले काही दिवस गोणपाट भिजवून समोर टांगायचं. घाईनं वाळला की चुना भुरभुरतो.

असल्या गिलाव्यात काहीतरी तंतू घालायची पद्धत फार जुनी आहे. अजिंठ्याच्या चित्रांखाली मातीच्या गिलाव्यात साळीचा भुसा आणि वनस्पतींचे तंतू आहेत. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचा अभ्यास २०१६ मध्ये आला होता, हो, तीच भांग. आम्ही आपले साधे तागाचे तंतू कापून घातले.

वरून चुन्याची सफेदी, तीन पातळ हात, थोडी नीळ घालून. पहिला हात ओला असताना पाण्यासारखा दिसतो, काहीच झालं नाही असं वाटतं. वाळला की पांढरा होतो. घाबरून दाट करू नका, पापुद्रे निघतात.

ज्यांचं घर सिमेंट-विटांचं आहे ते म्हणतील, आमचं काय? तुमचं सोपं आहे. कोरड्या, घट्ट भिंतीवर पुट्टी उत्तमच. आधी बोटाच्या पेरानं सगळी भिंत ठोकून बघा. पोकळ वाजेल तिथला गिलावा काढा. नवीन गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारा आणि रंगाआधी चार आठवडे थांबा. पुट्टीचे दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर नको. खड्डे पुट्टीनं भरायचे नसतात. मग घासणं, प्रायमर, रंगाचे दोन हात. झालं.

भेगांचं मात्र आमच्या भागात वेगळं आहे. आपल्याकडे काळी आणि पांढरी असं म्हणतात: काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. जुनं गाव पांढरीवर वसलेलं. आता घरं काळीत चाललीत, आणि काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते. आमच्या मळ्यातल्या पक्क्या खोलीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग आहे. मेमध्ये उघडते, ऑगस्टमध्ये मिटते. ती सिमेंटनं भरली की शेजारी दुसरी पडते. तिला लवचिक ॲक्रिलिक भरायचं, वर जाळीची पट्टी, आणि खोलीभोवती तीन-चार फूट कोबा, म्हणजे पायाखालची माती एकदम भिजत-वाळत नाही. नवीन बांधणार असाल तर रुरकीच्या सीबीआरआय संस्थेनं अशाच मातीसाठी विकसित केलेल्या अंडर-रीम्ड पाइलबद्दल इंजिनियरला आधीच विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

भेग जिवंत आहे की मेलेली हे कळायला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहायची. दर महिन्याला बघायचं. तुमच्याकडच्या भिंतीबद्दल विचारायचं असेल तर फोटो पाठवा, पण शेजारी एक रुपयाचं नाणं धरून काढा, नाहीतर भेग केसाएवढी आहे की बोटाएवढी ते मला कळत नाही. आणि भिंतीच्या पलीकडच्या बाजूचाही एक फोटो जोडा.

चुलतभाऊ निघालाय. आजी विचारतेय, अंथरूण परत या भिंतीला लावू का. मी म्हटलं, पावसाळा होईपर्यंत एक हात लांबच राहू दे.