उभ्या गाडीचा स्विच

खाण बंद पडली की टिपर उभे राहतात, हे गोव्यातल्या डिचोली तालुक्यात कुणाला सांगायला नको. 2012 च्या सप्टेंबरात ते उभे राहिले, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा. टायर चिरतात, बॅटरी बसते, एवढं मालकाला दिसतं. हेडलाइटचा स्विच आतून काळा पडलेला असतो, ते गाडी रस्त्यावर आल्यावर कळतं. रोजच्या वापरात स्विचमधली पट्टी सरकताना समोरचा कॉन्टॅक्ट घासून साफ करते. गाडी उभी राहिली की ते घासणं थांबतं. मग पावसाळ्याची दमट हवा आणि लाल धूळ यांचंच राज्य.

मुळगावात पत्र्याच्या शेडखाली अशाच एका टिपरचं काम बघत बसलो होतो. बल्ब नवे, तरी उजेड पिवळट. मिस्त्रीने दिवे चालू ठेवून मीटरच्या पिना स्विचच्या दोन टोकांना लावल्या. सव्वा व्होल्ट! 24 व्होल्टच्या गाडीत एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण 70 वॅटचे दोन दिवे जवळजवळ 6 अँपियर ओढतात. म्हणजे सात-साडेसात वॅटची उष्णता त्या इवल्याशा डबीत कोंडते. तापला की कॉन्टॅक्ट काळा पडतो, काळा पडला की आणखी तापतो. शिवाय बल्बचं व्होल्टेज 5 टक्के उतरलं तर उजेड 15 टक्क्यांच्या आसपास घटतो.

बॅटरीची तार सोडवून त्याने स्विच काढला. पत्र्याचे कान उचलण्याआधी तो प्लास्टिकच्या पिशवीत धरला, कारण आतला छर्रा आणि स्प्रिंग उडाली की शेडभर शोधत बसावं लागतं. झाकण निघालं. "पळयात" (बघा), एवढंच म्हणून त्याने तो पुढे केला. ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, तांब्यावर हिरवट थर, डिपरच्या टोकाला काजळी.

पेट्रोल आणि जुना टूथब्रश. (कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे बरा, पेट्रोल पूर्ण उडाल्याशिवाय बॅटरी जोडणं म्हणजे आगीशी खेळ.) पुढचा टप्पा संयमाचा. पुष्कळजण इथे कानस चालवतात. स्विच त्या दिवशी चकचकीत दिसतो, पण कॉन्टॅक्टवरचा चांदीचा पातळ मुलामा गेला की काही महिन्यांत पुन्हा तेच. याने झिजलेल्या बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन कॉन्टॅक्टांमध्ये धरून हलकेच ओढली, मग कोरा जाड कागद, त्यावर काळी रेघ उमटेनाशी होईपर्यंत. स्विचमधली पट्टी बसली होती, ती चिमट्याने किंचित उचलली. दाब नसेल तर सफाई फुकट. ग्रीस फक्त छऱ्याला.

मीटर आता एक दशांश व्होल्टवर आला. तरीही त्याने रिले सुचवला, म्हणजे दिव्यांचा भार स्विचवर येणार नाही. मालक तयार झाला.

इंडिकेटरचा स्विच मात्र वाचला नाही. कॉन्टॅक्टची प्लास्टिकची बैठकच वितळून तिरकी झाली होती. त्याने वायरी कापल्या आणि नव्या स्विचचा खोका उघडला.