आधी जोडणी बघा

पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली म्हणजे वायरी, दिवे, स्विच, चार्जर आणि सुट्ट्या भागांचा बाजार. तिच्या आसपासच्या जुन्या इमारतींचे अरुंद जिने चढून गेलं की संगणक दुरुस्तीची लहान लहान दुकानं लागतात. त्यातल्या एका दुकानात मी अलीकडे बऱ्याचदा बसलेली असते. कारण कामाचंच आहे. अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशनासाठी मी संपादन करते. तिथल्या माळ्यावर एका पोत्यात जुन्या हार्डडिस्क पडून होत्या आणि त्यांत १९९८ पासूनची, पेजमेकरमध्ये जुळवलेली पुस्तकं होती. काहींची छापील प्रतही आता हाताला लागत नाही. नवी आवृत्ती काढायची तर पहिल्या ओळीपासून अक्षरजुळणी करायची, की या डिस्कमधून फाइली काढायच्या, हा प्रश्न होता. "त्या मेल्यात," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

दुकानाचे मालक साठीचे आहेत. गिऱ्हाइकं त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. पोतं उघडून त्यांनी एक डिस्क उचलली, उलटी केली, मागच्या पिनांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "ताई, मेली असं कुणी सांगितलं? जोडून बघितली का कुणी?"

कुणीच बघितली नव्हती, कारण आजच्या संगणकाला ती जोडताच येत नाही.

काकांच्या टेबलावर एक जुनं कॅबिनेट कायम उघडं असतं. त्यातल्या मदरबोर्डवर ४० पिनांचे दोन सॉकेट आहेत, जुन्या डिस्कची आयडीई नावाची जोडणी तीच. हा बोर्ड ते जिवापाड सांभाळतात. इंटेलने २००६ मध्ये डेस्कटॉपच्या चिपसेटमधून आयडीई काढून टाकलं. पुढे काही वर्षं मदरबोर्ड बनवणारे वेगळी चिप बसवून ती सोय देत राहिले, मग तेही थांबलं. यूएसबीला आयडीई डिस्क जोडणारे स्वस्त कन्व्हर्टर बाजारात मिळतात. ते काकांकडेही आहेत. पण फार जुन्या डिस्क त्यांच्यावर नखरे करतात, म्हणून पहिली जोडणी या बोर्डावरच.

आयडीईची कल्पना १९८६ च्या सुमाराची, वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांच्या कामातून आलेली. त्याआधी डिस्क म्हणजे केवळ चकत्या, मोटर आणि वाचणारी हेडं. डोकं होतं संगणकात बसवलेल्या वेगळ्या कंट्रोलर कार्डात. एका कार्डाने लिहिलेली डिस्क दुसऱ्या जातीचं कार्ड वाचेलच असा भरवसा नसे. आयडीईने ते डोकं डिस्कच्या पोटाशी असलेल्या हिरव्या बोर्डावर आणून ठेवलं. आपल्या चकत्या कशा वाचायच्या हे डिस्कलाच कळू लागलं, आणि संगणकाने फक्त 'अमुक क्रमांकाचा सेक्टर दे' एवढंच म्हणायचं, असा व्यवहार ठरला. १९९८ ची डिस्क आज वाचता येते, त्याचं श्रेय या एका निर्णयाला आहे. मला तो संगणकाच्या इतिहासातला फार मोठा निर्णय वाटतो. त्याची चर्चा मात्र क्वचितच ऐकू येते.

काकांचे हात बघण्यासारखे असतात. आधी वीज बंद, कारण आयडीई चालू संगणकावर जोडायची नसते. मग डिस्कच्या पाठीवरचा जम्पर बघायचा. एका पट्टीवर दोन डिस्क बसत, एक मास्टर आणि एक स्लेव्ह, आणि कोण कोण आहे ते हे नखाएवढं प्लॅस्टिक ठरवतं. दोन्ही मास्टर राहिल्या तर बहुधा एकही दिसत नाही. मग चपटी पट्टी केबल, तिची लाल कड पहिल्या पिनेकडे. शेवटी चार वायरींचा पॉवर प्लग: पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, दोन काळ्या ग्राउंडच्या. लॅपटॉपची अडीच इंची आयडीई डिस्क असेल तर काका श्वास रोखून काम करतात. तिला ४४ पिना असतात, वीजही त्यांतूनच जाते, आणि प्लग एक ओळ सरकून बसला तर बोर्ड जळतो.

बटण दाबलं, डिस्क फिरू लागल्याचा तो चढता आवाज आला आणि बायोसच्या निळ्या पडद्यावर मॉडेलचा क्रमांक उमटला. वीस वर्षांहून अधिक काळ पोत्यात पडलेली वस्तू आपलं नाव सांगत होती. मी खुर्चीतून उठले होते.

आयडीई का गेली, हे तिच्या केबलकडे पाहिलं की कळतं. त्या पट्टीतून १६ बिट एकाच वेळी शेजारी शेजारी पळतात आणि पलीकडे सगळे एकदम पोचावे लागतात. लेझीम पथकात ताल वाढला की सोळा जणांची रांग विस्कटू लागते, तसंच इथे झालं. वेग वाढवायला केबलीत ४० ऐवजी ८० तारा घालाव्या लागल्या. जादाच्या ४० नुसत्या ग्राउंडच्या, सिग्नल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. तरी गाडी सेकंदाला १३३ मेगाबाइटवर अडली आणि केबल दीड फुटाच्या पुढे नेता येईना. २००३ मध्ये साटा आलं, ते उलटा विचार करून. बिट एकामागून एक सोडायचे, पण फार वेगाने. साटाच्या डेटा केबलीत फक्त सात पिना, त्यातल्या तीन ग्राउंडच्या. केबल एक मीटरपर्यंत चालते, जम्परची भानगड नाही. वेग आधी दीड गिगाबिट, मग तीन, आणि २००९ पासून सहा. चकत्यांची डिस्क सेकंदाला दोन-अडीचशे मेगाबाइटच्या वर सहसा जात नाही, त्यामुळे तिला तीन गिगाबिटचं साटाही पुरतं. सहाचा उपयोग चकत्या नसलेल्या एसएसडीला.

साटाच्या प्लगची एक गोष्ट काकांकडूनच कळली. डिस्कच्या आतल्या जोडणीचा हा साधा प्लग साधारण ५० वेळा काढ-घाल करण्यापुरताच बनवलेला असतो. यूएसबीचा नेहमीचा चौकोनी प्लग दीड हजार वेळा, टाइप-सी दहा हजार वेळा. म्हणजे साटा ही घराच्या आतली जोडणी आहे, एकदा बसवून विसरून जायची. रोजची काढ-घाल बाहेरच्या जोडणीने सोसायची. आतली आणि बाहेरची डिस्क यांतला खरा फरक हा आहे, कारण डिस्क बहुतेक वेळा एकच असते. पोर्टेबल डिस्कचा डबा उघडला की आत अडीच इंची साटा डिस्क आणि तिला यूएसबीशी बोलायला लावणारी बोटाएवढी पट्टी निघते.

आणि दुकानात येणाऱ्या तक्रारींपैकी पुष्कळ त्या पट्टीच्या किंवा तिच्या वाटेवरच्या असतात. यूएसबी ३ चा तो रुंद, दोन खणी मायक्रो प्लग सगळ्यात नाजूक. डिस्क लॅपटॉपवरून लोंबकळते आणि पोर्ट आतून उखडतो. गिऱ्हाईक म्हणतं, "काका, हार्डडिस्क गेली." काका केसिंग उघडतात, डिस्क काढून थेट साटाला लावतात, फोटो समोर येतात.

लग्नाचं शूटिंग करणारा एक मुलगा आला होता. डिस्क 'कट-कट' वाजते, दिसते आणि जाते. काकांनी ती केसिंगमधून काढलीही नाही. आखूड, जाड केबल घेतली, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागच्या पोर्टाला लावली आणि डिस्क शांतपणे फिरू लागली. यूएसबी २ चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. फिरायला सुरुवात करताना डिस्क याहून जास्त मागते. लांब, बारीक केबलीत व्होल्टेज पडतं, डिस्क अर्ध्यावर दम तोडते, पुन्हा उठते. हेडं खराब झाल्यावरही असाच आवाज येतो, म्हणून आधी वीज तपासायची. चांगल्या पुरवठ्यावरही आवाज राहिला तर डिस्क लगेच बंद करून, धूळविरहित खोलीत डिस्क उघडणाऱ्या जाणकारांकडे पाठवायची. आमच्या पोत्यातली एक अशीच निघाली. काकांनी तिला पुन्हा वीज दिली नाही.

केसिंगमधून काढली की काम झालंच, असंही नसतं. काही पोर्टेबल डिस्कच्या बोर्डावर साटा नसतंच, यूएसबीचा पोर्ट थेट तिथेच डाग देऊन बसवलेला असतो. काहींमधली यूएसबीची पट्टी सगळा डेटा कुलूपबंद करून लिहिते, मालकाने पासवर्ड ठेवलेला नसला तरी. अशी डिस्क साटाला लावली तर आत नुसता कचरा दिसतो. ती पट्टीच दुरुस्त करावी लागते. मोठ्या डिस्कच्या काही केसिंग ५१२ बाइटचा सेक्टर संगणकाला ४०९६ चा म्हणून सांगतात. डबा बदलला की हिशेब जुळत नाही आणि विंडोज विचारतं, 'फॉरमॅट करायचं का?' इथे 'हो' म्हणणाऱ्यांचं नुकसान मी या टेबलाशी बसून पाहिलं आहे, आणि ते पाहवत नाही.

साडेतीन इंची बाहेरच्या डिस्क काढून कॅबिनेटमध्ये बसवणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. साटाच्या नव्या नियमात पॉवरच्या १५ पिनांतल्या तिसऱ्या पिनेला डिस्क बंद ठेवण्याचं काम दिलं. कॅबिनेटमधला जुना पॉवर सप्लाय (एसएमपीएस) त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट देत राहतो, आणि नवीकोरी डिस्क फिरतच नाही. काका पिवळसर कॅप्टॉन टेपचा तुकडा कापून त्या पिनेवर चिकटवतात. उपाय एवढाच.

एम डॉट टूच्या बाबतीत एकच सांगते. ती च्युइंगमच्या कांडीएवढी एसएसडी साटाही असू शकते आणि एनव्हीएमई या वेगळ्या पद्धतीचीही. खाच एक की दोन, यावर अंदाज येतो, पण लॅपटॉपचा स्लॉट काय स्वीकारतो हे आधी बघूनच विकत घ्या. टाइप-सीचंही तेच. प्लगचा आकार वेग सांगत नाही. फोनच्या चार्जरबरोबरची टाइप-सी केबल बहुधा यूएसबी २ ची असते. तिच्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ मेगाबाइट जातात, म्हणजे ५०० गिगाबाइट उतरवायला चार तास. चांगल्या केबलने तेच काम तासा-दीड तासात होतं. लोक मात्र डिस्कला दोष देतात.

पोत्यातल्या निम्म्याहून जास्त डिस्क उठल्या. काका मूळ डिस्कवरून फाइली कधीच थेट उघडत नाहीत. आधी तिची सेक्टरशः नक्कल, मग काम नकलेवर. जुनी एफएटी-३२ रचना आजची विंडोज वाचते, तेव्हा फोल्डर लगेच दिसले: पुस्तकांची नावं, 'अंतिम', 'अंतिम२', 'छपाईसाठी'. मजकूर मात्र श्रीलिपीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात. श्रीलिपीही पुण्यातच, मॉड्युलर इन्फोटेकने बनवलेली. आता एकेक पुस्तक युनिकोडमध्ये उतरवून मी मुद्रितं तपासते आहे. जोडाक्षरं आणि रफार हाताने दुरुस्त करावे लागतात, पण लेखकांनी शेवटच्या प्रुफावर केलेले बदल शाबूत आहेत, आणि पुन्हा जुळणी केली असती तर ते कुठून आणले असते?

ज्या डिस्क उठल्या नाहीत, त्यांपैकी एकीचा बोर्ड बदलून बघू या, असं मी म्हटलं. काकांनी मान हलवली. त्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडांची कारखान्यात केलेली मापं असतात, त्यामुळे त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावला तरी बहुतेक वेळा चालत नाही. चिप काढून हलवावी लागते.

तुमच्या घरी, कचेरीत, मंडळाच्या कपाटात अशी डिस्क असेल तर ती भंगारात देऊ नका. पाठ उलटी करून बघा. बारीक पिनांची रुंद, दुहेरी रांग म्हणजे आयडीई, इंग्रजी एल आकाराच्या दोन चपट्या पट्ट्या म्हणजे साटा. साटा असेल तर साध्या यूएसबी डॉकवर घरीच लागेल. आयडीई असेल तर ती जोडणारे बोर्ड आणि ते हाताळणारे हात अजून आहेत तोवर, याच वर्षी डेटा काढून घ्या. निघालेला डेटा दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. आणि पडद्यावर फॉरमॅटचा प्रश्न आला, तर 'नाही' दाबा.