कामगारांचे आजारपण आणि कारखान्याचा खर्च : सभासदांनी समजून घ्यावे असे काही



वार्षिक सभेची वेळ आली की अहवालातल्या खर्चाच्या पानावर बोट ठेवून कोणीतरी विचारतोच, "कामगारांच्या दवाखान्याचा खर्च दर साली एवढा का वाढतो? आणि तो आमच्या उसाच्या पैशातून कशाला?" प्रश्न रास्त आहे. कारखाना सभासदांचा आहे, तेव्हा हिशेब विचारायचा हक्कही त्यांचाच. मात्र हा खर्च नेमका कशाचा असतो, तो का वाढतो आणि कामगाराची सवलत न काढता तो कसा आटोक्यात ठेवता येतो, हे समजून घेतल्याशिवाय ठराव करणे बरे नव्हे. म्हणून हा लेख.

ई.एस.आय. आपल्याला का नाही?

पुष्कळांना वाटते, शहरातल्या गिरणी-कारखान्यांना सरकारी विमा आहे, तर आपल्याला का नको? कामगार राज्य विमा कायदा १९४८ सालचा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या कामगाराला तो लागू होता. जुलै २०१९ पासून मालकाने पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का भरायचा असा दर झाला. एवढ्यात कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना औषधपाणी मिळते. परंतु या कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले होते, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखर आणि गूळ यांचे नाव स्पष्ट घातलेले आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाने वगळलेलेच आहेत. ज्यांच्याकडे साखरेशिवाय डिस्टिलरीसारखे दुसरे उद्योग आहेत त्यांनी आपापला कायदेशीर सल्ला घ्यावा. पण नुसत्या साखरेच्या कारखान्याला आजारपणाची सोय स्वतःच करावी लागते, हे पक्के.

एक गोष्ट इथेच वेगळी काढू. गव्हाणीत, बॉयलरवर किंवा मिलवर काम करताना अपघात झाला तर त्याची भरपाई देणे ही सवलत नाही, ती कायद्याची जबाबदारी आहे. १९२३ च्या कायद्यापासून ती चालत आलेली आहे. आरोग्य विमा काढला म्हणून ती टळत नाही. दोन्ही हिशेब वेगळे ठेवावेत.

सोय करण्याच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा म्हणजे बिल आणा, पैसे न्या. कामगाराला ही आवडते, पण त्याला आधी पदरचे पैसे घालावे लागतात. कारखान्याला वर्षाचा खर्च आधी कळत नाही. एका साली चार जणांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया निघाल्या की अंदाजपत्रक कोलमडते.

दुसरी म्हणजे पगारात ठरावीक वैद्यकीय भत्ता. हिशेबाला सोपी. पण भत्ता घरखर्चात जातो, आणि खरे आजारपण आले की कामगार पतसंस्थेच्या दारात उभा राहतो. मग दोन-तीन वर्षे त्याचा पगार कपातीतच जातो. ज्याला साखर-दाब आधीपासून आहे त्याने स्वतः पॉलिसी काढली तर त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

तिसरी म्हणजे सर्वांचा मिळून गट विमा. यात जुन्या आजाराची वाट बघण्याची अट बहुधा काढून घेता येते आणि करारातल्या इस्पितळात रोख न भरता उपचार होतात. म्हणून हल्ली हीच तऱ्हा जास्त चालते. मात्र खर्च वाढण्याची तक्रारही हिच्याबद्दलच जास्त असते. ती का, ते बघू.

हप्ता का चढतो?

आकडे समजण्यापुरते घेऊ. समजा एका कारखान्यात ६०० कामगार आहेत. कुटुंबामागे विम्याचा हप्ता १५,००० रुपये, म्हणजे ९० लाख. गट विम्यावर १८ टक्के जी.एस.टी. लागतो. (सप्टेंबर २०२५ मध्ये कर माफ झाला तो एकट्याने किंवा कुटुंबापुरत्या काढलेल्या पॉलिसीवर, गट विम्यावर नाही.) कर धरून १ कोटी ६ लाख २० हजार झाले. गाळप ६ लाख टन असेल तर टनाला १७ रुपये ७० पैसे पडले.

आता त्या वर्षी दावे झाले १ कोटी ८ लाखांचे. म्हणजे हप्त्याच्या १०० रुपयांना १२० रुपये बाहेर गेले. विमा कंपनी पुढच्या साली काय करते? झालेल्या दाव्यांत इस्पितळांची दरवाढ मिळवते, आपला खर्च आणि नफा मिळवते, आणि समजा १ कोटी ४० लाख मागते. कर धरून १ कोटी ६५ लाख २० हजार. टनाला २७ रुपये ५३ पैसे. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याचा भार १,७७० रुपयांवरून २,७५३ रुपयांवर गेला.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एफ.आर.पी. कायद्याने ठरते, या खर्चामुळे ती घटत नाही. पण तिच्यावर काय देता येईल, कर्जाचा हप्ता कसा फिटेल, मशिनरीची दुरुस्ती किती करता येईल, यावर असा खर्च परिणाम करतो. दुसरी गोष्ट, गट विम्यात मागच्या वर्षाचे दावे पुढच्या वर्षाच्या हप्त्यात येऊन बसतात. कंपनी पदरचे देत नाही. तेव्हा हप्ता कमी करायचा तर दावे का होतात तेच बघितले पाहिजे.

सवलत न काढता काय करता येते?

सोपा मार्ग म्हणजे कामगाराच्या आईवडिलांना पॉलिसीतून काढणे. दावे म्हाताऱ्या माणसांचे जास्त, त्यामुळे हप्ता लगेच उतरतो. पण म्हातारे आजारी पडायचे थोडेच थांबतात? खर्च कारखान्याच्या वहीतून निघून कामगाराच्या वहीत गेला, एवढेच. त्यापेक्षा आईवडिलांच्या हप्त्याचा काही भाग कामगाराने भरावा, असे युनियनशी बसून ठरवता येते. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. आधार कार्डावर नोंदणी होते. लेबर ऑफिसरने एक दिवस बसून कामगारांच्या सगळ्या वडीलधाऱ्यांची कार्डे काढून घेतली, तर तेवढे दावे गट विम्यावर पडणार नाहीत.

दुसरा उपाय म्हणजे दाव्यातला काही हिस्सा कामगाराने सोसणे. १० टक्के हिस्सा ठेवला की माणूस बिल वाचतो, "ही तपासणी कशाला?" असे विचारतो. पण हिस्सा फार वाढवला तर गरीब कामगार इस्पितळात जायचेच टाळतो, आणि दुखणे वाढल्यावर जातो. तेव्हा दावा जास्तच मोठा होतो.

तिसरा उपाय खोलीभाड्याच्या मर्यादेचा. हा कामगारांना नीट समजावून सांगावा लागतो. समजा पॉलिसीत खोलीला दिवसाला ३,००० रुपये मंजूर आहेत आणि कामगाराने ६,००० ची खोली घेतली. पाच दिवसांचे भाडे ३० हजार, डॉक्टर-नर्स-ऑपरेशनचे ६० हजार, औषधांचे ३० हजार, एकूण बिल १ लाख २० हजार. खोली दुप्पट दराची घेतल्यामुळे भाडे तर निम्मे मिळतेच, पण डॉक्टर आणि ऑपरेशनचा खर्चही निम्माच मंजूर होऊ शकतो. औषधांना मात्र ही कात्री लागत नाही. म्हणजे १५, ३० आणि ३० मिळून ७५ हजार मिळाले, ४५ हजार घरचे गेले. कामगार म्हणतो, "विमा फसवा." अट भरती होण्याआधी सांगितली असती तर त्याने ३,००० चीच खोली घेतली असती.

चौथा उपाय थरांचा. प्रत्येकाला मोठी रक्कम देण्याऐवजी सर्वांना मध्यम रक्कम, आणि मोठ्या दुखण्यासाठी सगळ्यांत मिळून एक राखीव रक्कम ठेवावी. दर साली मोठे आजार थोड्याच घरांत येतात. त्यामुळे राखीव रकमेचा हप्ता फार पडत नाही आणि कॅन्सरसारखे दुखणे आले तर माणूस उघड्यावर पडत नाही.

पाचवा उपाय राज्याच्या योजनेचा. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना ५ लाखांपर्यंत लागू आहे. यादीतले उपचार यादीतल्या इस्पितळात घेतले तर गट विम्याला हात लावायची गरज नाही. ही योजना कामगाराला आहे तशी तुम्हा आम्हा सभासदांनाही आहे, हेही लक्षात असू द्या.

हंगामी कामगार

पॉलिसी काढताना हंगामी कामगारांचा प्रश्न नेहमी निघतो. हंगाम संपला की त्यांना घरी बसण्याचा भत्ता मिळतो, पण विम्यातून नावे गळतात. पैसे वाचतात खरे. पण आजार काही गळिताचा हंगाम बघून येत नाही. पॅनमन, फिटर, चिटबॉय ही माणसे पुढच्या हंगामाला धडधाकट हजर झाली तरच गाळप वेळेवर सुरू होते. बारा महिन्यांचे संरक्षण त्यांना परवडेल अशा हिश्श्याने ठेवणे कारखान्याच्याच हिताचे.

दवाखान्याआधीचा दवाखाना

५०० वर कामगार असतील तर कारखान्यात रुग्णवाहिका-कक्ष ठेवावा लागतो. तो नुसता पट्टी बांधण्यापुरता का ठेवावा? ब्लडप्रेशर आणि साखर वर्षातून दोनदा तपासली, औषध चालू आहे की नाही ते पाहिले, तंबाखू सोडवण्याचा नेट धरला, मिलच्या आवाजात काम करणाऱ्यांच्या कानांची आणि बगॅसच्या धुळीत वावरणाऱ्यांच्या छातीची तपासणी केली, तर पाच वर्षांनी येणारा मोठा दावा आज थोडक्यात थांबतो. याचे फळ त्याच वर्षी दिसत नाही, म्हणून अंदाजपत्रकात पहिली कात्री यालाच लागते. खोडव्याला वेळेवर खत न घालण्यासारखाच हा प्रकार आहे.

सहकाराला हे नवे नाही. कर्नाटकात २००३ पासून यशस्विनी योजनेत सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांनी सुरुवातीला माणशी वर्षाला ६० रुपये भरून शस्त्रक्रियांची सोय केली. सरकारची मदत होती, पण पाया पुष्कळांनी थोडे थोडे भरण्याचाच होता. मध्यंतरी २०१८ मध्ये ती दुसऱ्या योजनेत गेली आणि २०२२-२३ मध्ये पुन्हा सुरू झाली.

सभेत काय विचारावे?

तेव्हा "हा खर्च बंद करा" म्हणण्याआधी सभासदांनी पाच प्रश्न विचारावेत. मागच्या तीन वर्षांत हप्ता किती आणि दावे किती? दावे कोणत्या आजारांचे? सरकारी योजनांत किती कामगारांची व वडीलधाऱ्यांची नोंदणी झाली? हप्त्यासाठी किती कंपन्यांकडून दर मागवले? आणि तपासणीवर किती खर्च झाला? या पाचांची उत्तरे अहवालात छापून आली तर टनाला पडणारा रुपया कुठे गेला ते दिसेल आणि तो कुठे वाचेल तेही दिसेल.

ऊस आपण पिकवतो, पण त्याची साखर कामगार करतो. त्याच्या घरचे आजारपण कर्जात न जाता निभावले, तर तो दुसऱ्या दिवशी पाळीवर वेळेत येतो. सभेत हात वर करताना हा हिशेबही मनात असावा, एवढीच विनंती.